घडी कोणी बसवायची?

पूर ओसरला की आमच्या वर्तमानपत्रांना एक वाक्य हटकून सुचते : 'जनजीवन पूर्वपदावर'. या वाक्यात कर्ता शोधून सापडत नाही. पाणी जसे आपसूक उतरते तसे जनजीवनही आपसूक पदावर चढून बसते, असा भाबडा समज त्याने होतो. माझे या वाक्याशी भांडण आहे. सणासुदीला भांडण उकरून काढल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे 45 फुटांची. आमचे घर गावभागात. नागपंचमीच्या सुमारास आम्ही नवराबायको दोन पिशव्या घेऊन विश्रामबागेत मेहुण्यांकडे गेलो, ते पाणी उतरल्यावरच परतलो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर रेघ, आणि खाली सगळे एकजीव : पीठ, गाद्या, माझी पुस्तके, देव्हाऱ्यातली निरांजने.

पुढचे दहाबारा दिवस मी खरोखर राबलो. फावड्याने गाळ ओढला, टँकरपुढे घागर घेऊन उभा राहिलो, भांडी घासली, चुकतमाकत कांदाही चिरला. गल्लीतले सगळेच पुरुष तसे करीत होते, त्यामुळे कोणाला कोणाची लाज वाटत नव्हती. बायका आणि पुरुष एकाच रंगाचे दिसत. गाळाने आमच्यात जी समता आणली ती इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनी आणली नव्हती.

मग एका सकाळी नळाला पाणी आले आणि दारात पेपर पडला. मी पेपर उचलला, धुऊन वाळवलेल्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "चला, घडी बसली एकदाची!"

आमच्या सौ. दाराशी चपला घालीत होत्या. म्हणाल्या, "कसली घडी? घरात विरजणसुद्धा नाही. वरच्या आळीत कुणाकडे मिळतं का बघून येते."

त्या 'सुद्धा'पाशी मी अडखळलो. आमच्या घरात विरजण कधी विकत आणल्याचे आठवत नाही. कालच्या दह्यातून आजचे, आजच्यातून उद्याचे. ती साखळी तुटली होती. आणि एवढीच नव्हे. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, कुरडया, वर्षाची चटणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, असा वर्षभराच्या स्वयंपाकाचा पाया वाहून गेला होता. आणि ऑगस्टात वाळवणे कोण आणि कुठे घालणार? दुधाचा रतीब पुन्हा लावायचा, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा वेळेवर बसवायच्या, कुठल्या डब्यात काय हे डबेच नवे असताना पुन्हा ठरवायचे. पंचनाम्याला आलेल्या तरुणाने पलंग लिहिला, कपाट लिहिले. शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला सरकारने 15 हजार रुपये जाहीर केले. मिळाले ते उपयोगी पडले, तक्रार नाही. पण मोडलेला दिनक्रम उभा करण्याच्या मजुरीचा रकाना त्या कागदावर नव्हता, आणि तो नाही हे आम्हा पुरुषांपैकी एकालाही खटकले नाही.

योगायोग असा की त्याच 2019 साली, आपले लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची केंद्र सरकारने पहिल्यांदाच देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी 81 जणी दिवसात बिनपगारी घरकाम करीत होत्या, पुरुषांपैकी जेमतेम 26. करणाऱ्या स्त्रीची सरासरी 299 मिनिटे. करणाऱ्या पुरुषाची 97. ही गणती बिनपुराच्या घरांचीही आहे. 'पूर्वपद' म्हणतात ते हेच. आणि आपत्तीनंतर आपण सर्वांत आधी, सिमेंटच्याही आधी, हीच वाटणी जशीच्या तशी उभी करतो.

हे मी वडिलांकडून शिकलो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला फुटले आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. मी सात वर्षांचा होतो, आम्ही नारायण पेठेत राहत होतो. स्वतःच्या पानावर पाणीही वाढून न घेणारे माझे वडील तेव्हा विहिरीवरून खांद्यावर हंडा आणीत. आईला त्याचा केवढा अभिमान! नळ आला त्या दिवशी हंडा मोरीत गेला आणि वडील ओसरीवर गेले. आईने अवाक्षर काढले नाही. मला वाटले, सगळे छान झाले.

कोणी म्हणेल, अहो, दिनक्रमच माणसाला सावरतो. बाईला कामात गुंतू द्या, तेवढाच विसर पडतो. पहिले अर्धे मला मान्य आहे. पूर उतरल्यावर सहा वाजताच्या चहाने मला जो धीर दिला तो कुठल्या मंत्र्याच्या भेटीने दिला नाही. पण तो चहा पिणाऱ्याला सावरतो, तितकाच करणाऱ्याला सावरतो का, हे करणाऱ्याला कधी विचारले आहे? विसर पडायला काम इतके गुणकारी असेल तर आम्हीच ते औषध का टाळतो? हा अंक मांडीवर घेऊन चकली मोडणाऱ्या गृहस्थांनी सोऱ्या या घडीला कोणाच्या हातात आहे, तेवढे मान वळवून पाहावे.

माझ्याविषयी फुशारकी मारण्यासारखे काही नाही. जुलै 2021 मध्ये आयर्विनला पाण्याने पुन्हा 50 फूट ओलांडले. पुन्हा विश्रामबाग, पुन्हा गाळ, पुन्हा नळ, पुन्हा पेपर. या खेपेला सौ. खुर्चीत बसल्या, पेपर उघडला आणि त्याआडून म्हणाल्या, "अहो, विरजण आणा."

वाटी घेऊन मी वरच्या आळीत गेलो. दार उघडणाऱ्या बाईंनी वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काळजीने विचारले, "वहिनींना बरं नाही का?"

दूध मी जरा गरमच असताना विरजले. दही लागले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाटी घेऊन गेलो.