विश्लेषण : प्रॉक्सींची साखळी जितकी लांब, तितकी सुरक्षित?

संगणक आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये एकाऐवजी दोन-तीन प्रॉक्सी सर्व्हर उभे करण्याची पद्धत नवी नाही. कधी ती खर्च वाचवण्यासाठी वापरली गेली, कधी कर्मचाऱ्यांच्या इंटरनेट वापरावर लक्ष ठेवण्यासाठी, कधी ओळख झाकण्यासाठी, तर कधी उघड गुन्ह्यासाठी. ‘सर्ट-इन’च्या २०२२ मधील निर्देशांमुळे भारतात हा विषय कायद्याच्या कक्षेतही आला. ही साखळी चालते कशी आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

प्रॉक्सी नेमके काय करतो?

प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटवरचा मुखत्यार. ब्राउझर संकेतस्थळाकडे थेट जात नाही. तो प्रॉक्सीकडे मागणी नोंदवतो. प्रॉक्सी स्वतःच्या नावाने ते पान मागवतो आणि ब्राउझरच्या हाती देतो. संकेतस्थळाला प्रॉक्सीचा आयपी पत्ता दिसतो, वापरकर्त्याचा नाही. प्रॉक्सीला मात्र दोन्ही बाजू ठाऊक असतात : मागणारा कोण आणि तो कुठे जातो आहे.

साखळीत पहिला प्रॉक्सी मागणी दुसऱ्या प्रॉक्सीकडे सोपवतो. दुसऱ्याच्या दृष्टीने मागणारा म्हणजे पहिला प्रॉक्सी. मूळ वापरकर्ता कोण, हे पहिल्याने सांगितले तरच त्याला कळते. ‘कोण’ आणि ‘कुठे’ ही माहिती एकाच्या हाती राहते की दोघांत वाटली जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

अशी साखळी मुळात कशासाठी जोडली गेली?

लपवाछपवीसाठी नव्हे, काटकसरीसाठी. १९९०च्या दशकात इंटरनेटची जोडणी महाग आणि संथ होती. एकाच विद्यापीठातल्या शंभर जणांनी एकच पान शंभर वेळा परदेशातून मागवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे एकदा आलेले पान प्रॉक्सीमध्ये साठवून पुढच्यांना तिथूनच द्यायचे, अशी सोय झाली. विभागाच्या प्रॉक्सीकडे पान नसेल तर तो विद्यापीठाच्या प्रॉक्सीला विचारी, तिथेही नसेल तर त्याच्या वरच्याला. वरच्या प्रॉक्सीला ‘पेरेंट’ आणि बरोबरीच्याला ‘सिब्लिंग’ म्हणत. ‘हार्वेस्ट’ या अमेरिकी संशोधन प्रकल्पातून १९९६ मध्ये पुढे आलेले ‘स्क्विड’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच कामासाठी जगभर वापरले गेले आणि आजही वापरात आहे.

कार्यालयाच्या नेटवर्कवर साखळी कशी उभी करतात?

समजा, एका पतसंस्थेच्या वीस शाखा आहेत. प्रत्येक शाखेत एक छोटा प्रॉक्सी आणि मुख्यालयात एक मोठा. शाखेच्या स्क्विडला ‘तुझा पेरेंट मुख्यालयातला हा सर्व्हर’ असे एका ओळीत सांगता येते. पण एवढ्यावर थांबले तर साखळी अर्धवट राहते. एचटीटीपीएसची मागणी साठवून ठेवता येत नाही, म्हणून स्क्विड अशा मागण्या मूळ सेटिंगनुसार पेरेंटला वगळून थेट बाहेर पाठवतो. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर असल्याने बहुतेक वाहतूक मुख्यालयाला चुकवूनच जाते. ‘थेट कधीही जाऊ नकोस’ अशी स्वतंत्र सूचना दिल्यावरच सगळे मुख्यालयामार्फत जाते. पण मग मुख्यालयाचा सर्व्हर बंद पडला की वीसही शाखांचे इंटरनेट बंद. त्यासाठी दुसरा पेरेंट तयार ठेवावा लागतो.

दुसरी गफलत म्हणजे चक्र. ‘अ’ने ‘ब’कडे आणि ‘ब’ने पुन्हा ‘अ’कडे मागणी पाठवली, तर ती फिरतच राहील. हे टाळण्यासाठी प्रत्येक प्रॉक्सी मागणीवर ‘व्हाया’ या मथळ्याखाली आपले नाव लिहितो. स्वतःचेच नाव आधी लिहिलेले दिसले की स्क्विड चक्र ओळखतो. शाखा आणि मुख्यालय अशा सगळ्याच सर्व्हरना एकच नाव देऊन ठेवले, तर नसलेले चक्र दिसू लागते आणि चांगल्या मागण्याही अडतात.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची : नोंदी. मुख्यालयाच्या लॉगमध्ये मूळात फक्त शाखेच्या प्रॉक्सीचा पत्ता उमटतो. कोणत्या टेबलावरच्या संगणकावरून मागणी आली, हे शाखेच्या लॉगमध्येच असते किंवा शाखेच्या प्रॉक्सीने ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ मथळ्यात तसे लिहून पाठवलेले असते. हा मथळा कोणीही खोटा लिहू शकतो. त्यामुळे मुख्यालयाने तो फक्त आपल्याच शाखांकडून आला तर खरा धरायचा असतो.

एचटीटीपीएसमुळे काय बदलले?

एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचे नाव सांगून एक बोगदा उघडायला लावतो. आतला मजकूर कुलूपबंद असतो. प्रॉक्सीला बँकेचे नाव दिसते, पासवर्ड दिसत नाही. यामुळे पाने साठवण्याचा जुना फायदा जवळपास संपला. काही संस्था कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून हे कुलूप मध्येच उघडतात, मजकूर तपासतात आणि पुन्हा बंद करतात. अशा ठिकाणी साखळीतली ती एक कडी सगळे वाचू शकते. तो सर्व्हर चुकीच्या हाती गेला, तर सगळ्यांचे पासवर्ड एकदम गेले.

ओळख लपवणारी साखळी वेगळी कशी?

पतसंस्थेच्या उदाहरणात वीसही कड्या एकाच मालकाच्या आहेत. ओळख लपवण्यासाठी नेमके उलटे लागते. ‘टॉर’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या कामातून ते उभे राहिले. त्यात मागणी सहसा तीन सर्व्हरांतून जाते आणि हे सर्व्हर जगभरातले वेगवेगळे स्वयंसेवक चालवतात. ब्राउझर मागणीवर कांद्यासारखी तीन आवरणे चढवतो. प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरते एक आवरण काढतो. पहिल्याला वापरकर्ता माहीत असतो, पण तो कुठे जातो हे नाही. तिसऱ्याला ठिकाण माहीत असते, माणूस नाही.

ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ‘आयक्लाउड प्रायव्हेट रिले’मध्ये दोनच कड्या आहेत. पहिली ॲपलची, दुसरी बाहेरच्या भागीदार कंपनीची. ॲपलला वापरकर्त्याचा पत्ता दिसतो, संकेतस्थळाचे नाव दिसत नाही, भागीदाराला त्याउलट. चीन, बेलारूस, सौदी अरेबियासह काही देशांत ही सुविधा मिळणार नाही, असे कंपनीने सुरुवातीलाच सांगितले होते.

मग कड्या वाढवल्या की सुरक्षा वाढते का?

आपोआप नाही. एकाच कंपनीच्या पाच सर्व्हरांतून मागणी फिरवली, तरी पाचही लॉग त्या कंपनीकडेच असतात. त्यापेक्षा दोन वेगळ्या मालकांच्या दोन कड्या बऱ्या. टॉरमध्येही पहिली आणि शेवटची कडी एकाच्याच नजरेखाली आली, तर मागणी आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ जुळवून माणूस ओळखता येतो. कड्या वाढल्या की वेगही घटतो.

शेवटच्या कडीचा धोका २००७ मध्ये जगासमोर आला. डॅन एगरस्टॅड या स्वीडिश सुरक्षा सल्लागाराने टॉरचे पाच बाहेर पडण्याचे सर्व्हर चालवले आणि त्यांतून जाणारी, कुलूपबंद नसलेली वाहतूक वाचली. त्यातून मिळालेले दूतावास आणि सरकारी ई-मेल खात्यांचे शंभर पासवर्ड त्याने जाहीर केले. त्यांत भारताशी संबंधित खातीही होती. टॉरने पाठवणारा कोण हे झाकले होते. मजकूर झाकणे हे त्याचे काम नव्हतेच. वापरणाऱ्यांना मात्र तो फरक ठाऊक नव्हता.

गुन्हेगार ही साखळी कशी वापरतात?

त्यांना हवी असते दुसऱ्याच्या घरची कडी. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये ‘९११ एस५’ हे जाळे उद्ध्वस्त केल्याचे जाहीर केले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारखी मोफत व्हीपीएन लोकांनी स्वतःहून बसवली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या प्रोग्रॅमने त्यांचे संगणक प्रॉक्सी बनवले. विभागाच्या म्हणण्यानुसार जवळपास २०० देशांतले १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात होते आणि ते भाड्याने दिले जात. कोविडकाळातल्या बेरोजगारी भत्त्यासह अब्जावधी डॉलरच्या फसवणुकीत त्यांचा वापर झाल्याचा आरोप आहे. अशा वेळी बँकेच्या किंवा पोलिसांच्या नोंदीत पत्ता दिसतो तो एखाद्या निरपराध कुटुंबाचा. आयपी पत्ता मिळाला म्हणजे गुन्हेगार मिळाला, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

भारतातील नियम काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब अन्वये ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्या, डेटा सेंटर, मध्यस्थ आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे, सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत द्यायची आणि सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण किमान पाच वर्षे ठेवायचे. इंटरनेट प्रॉक्सीसारखी सेवा सर्वसामान्य ग्राहकांना देणारे यात येतात, कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन नाहीत, असा खुलासा नंतर झाला.

पतसंस्थेसारख्या साखळीसाठी घड्याळाचा नियम दिसतो त्याहून मोलाचा आहे. शाखेचे घड्याळ मुख्यालयापेक्षा चार मिनिटे मागे असेल, तर दोन लॉग जुळत नाहीत आणि एकाच्या कृत्याचा ठपका दुसऱ्याच कर्मचाऱ्यावर येऊ शकतो.

व्हीपीएनचा नियम मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. साखळीने जी माहिती दोघांत वाटायची, ती एकाच ठिकाणी गोळा करायला तो सांगतो. तपासाला त्याची गरज आहे, हे ९११ एस५ दाखवते. पण पाच वर्षांची अशी नोंद फुटली, तर पत्रकार, तक्रारदार, सामान्य ग्राहक सगळेच उघडे पडतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रत्यक्षात एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी २०२२ मध्ये भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून भारतीय आयपी पत्ते देणे सुरू ठेवले. सेवा थांबली नाही. यंत्रे भारतीय तपास यंत्रणेच्या हातापासून दूर गेली एवढेच.

वाचकाने काय पाहावे?

मोफत प्रॉक्सी किंवा व्हीपीएन घेण्यापूर्वी ‘किती देशांतून फिरवता?’ यापेक्षा तीन प्रश्न कामाचे आहेत. प्रत्येक कडीचा मालक कोण? माझी ओळख आणि मी भेट दिलेली संकेतस्थळे, या दोन्ही गोष्टी कोणा एकाला दिसतात का? आणि सेवा फुकट असेल, तर खर्च कशातून निघतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर बहुधा तुमचाच संगणक दुसऱ्याच्या साखळीतली कडी होणार आहे. संस्थेच्या नेटवर्कवर साखळी जोडणाऱ्यांनीही कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवे : कोणत्या कडीवर काय वाचले जाते, नोंद किती दिवस राहते आणि ती कोण उघडू शकतो.