गोष्टीचे शेवटचे पान

मुलांना खरे बोलण्याचे वळण लावताना आपल्याकडे हमखास ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सांगितली जाते. खोटे बोलणाऱ्याची फजिती होते, हा तिचा बोध. परंतु टोरांटो विद्यापीठाचे कांग ली व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांवर या गोष्टीचा विशेष परिणाम दिसला नाही. ‘खेळणे चोरून पाहिलेस का?’ या प्रश्नाला अधिक मुलांनी खरे उत्तर दिले, ते बाल जॉर्ज वॉशिंग्टनची कथा ऐकल्यावर. चेरीचे झाड तोडल्याची कबुली देताच वडील त्याच्या खरेपणाचे कौतुक करतात, अशी ती दंतकथा.

डॉक्टरच्या दृष्टीने हा केवळ संस्कारांचा प्रश्न नाही. खेळण्यातील बटन सेल गिळलेले मूल माराच्या भीतीने गप्प राहिले, तर अन्ननलिकेत अडकलेला सेल अवघ्या दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. अशा वेळी उलटी करवू नये. अंबरनाथ, बदलापूर वा उल्हासनगर, जिथे असाल तेथून एक्स-रेची सोय असलेले जवळचे रुग्णालय तत्काळ गाठावे. रागावणे नंतरही नकोच.

म्हणून पालकहो, चित्रपुस्तक घेताना शेवटचे पान आधी पाहावे. कबुली देणाऱ्या मुलासमोरच्या आईबाबांचा चेहरा तेथे कसा रेखाटला आहे? वाचता न येणारे मूलही तो चेहरा वाचते. आणि प्रसंग आला की तोच चेहरा आपल्यात शोधते.