प्रश्न कोणीं विचारावयाचा?

औशाच्या शेतकरी बंधूंस आमचा एक सवाल आहे. पोरगा दहावी उतरला, कीं तुम्ही त्याला लातुरास नेऊन ठेवतां. खोलीचें भाडें आणि शिकवणीची फी भरण्यासाठीं भाव नसतांना सोयाबीन विकतां. 'लातूर पॅटर्न'नें कुणब्यांचीं पोरें डॉक्टर झालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण हा पोरगा दोन वर्षें प्रश्नच प्रश्न सोडवतो; त्यांतला एक तरी त्यानें स्वतः विचारलेला असतो काय? प्रश्न छापील, खालीं चार उत्तरें छापील, पोरानें गोल काळा करावयाचा! "असें कां?" म्हणून विचारलें, तर "खालीं बस, पोर्शन राहील."

आतां जरा ग्रीस देशांतल्या अथेन्स शहरीं चला. तेथील सॉक्रेटिसाचा बाप पाथरवट, आई सुईण. तो म्हणे, मी आईचाच धंदा करतों. सुईण आपल्या पदरचें लेकरूं देत नाहीं, बाळंतिणीचेंच सोडवते. तसा मी माणसाच्या पोटांतला विचार सोडवितों. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, फी घेतली नाहीं. पुढारी, कवी, कारागीर, जो शहाणपण मिरवी त्याला प्रश्न करी. तरुणांस बिघडवितो, नगराचे देव मानीत नाहीं, असें कुभांड रचून इ.स.पू. 399 मध्यें सत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याला विषाचा पेला पाजला.

त्याचा शिष्य प्लेटो याच्या 'मेनो' नांवाच्या संवादांत एक गुलाम पोरगा आहे. सॉक्रेटिस त्याला पुसतो, दोन फूट बाजूच्या चौरसाचे चार चौरस फूट होतात, आठ करावयाचे तर बाजू किती? पोरगा म्हणतो, चार. मांडून पाहतो तों सोळा! मग म्हणतो, तीन. तर नऊ! शेवटीं कर्णावर चौरस काढला, तेव्हां आठ भरले. शाळेचें तोंड न पाहिलेला पोरगा! खालच्याच्या डोक्यांत अक्कल नसते म्हणणाऱ्यांना ही चपराक तेव्हांच बसली आहे. पण वाचकहो, पुढें काय झालें? कांहीं नाहीं. पोरगा गुलामच राहिला. त्याचें नांवही त्या ग्रंथांत नाहीं. चौरसाचें कोडें सुटलें, पण "मी गुलाम कां?" हें त्यानें विचारलें नाहीं, आणि सॉक्रेटिसानेंही त्याच्याकडून विचारविलें नाहीं.

तें काम जोतीरावांनीं केलें. 1873 सालच्या 'गुलामगिरी'त धोंडिबा शंका काढतो, खोदून विचारतो, आणि जोतीरावांना उत्तर द्यावें लागतें. शिकणारा विचारतो आणि शिकविणारा बांधला जातो. ज्या अमेरिकनांनीं गुलाम मोकळे केले, त्यांना तें पुस्तक अर्पण केलें, तें उगाच नव्हे.

निजामी राज्यांत औशाच्या मराठी पोराला वरचें शिक्षण उर्दूंतून घ्यावें लागे. प्रश्न विचारावा तर कोणत्या तोंडानें? 1948 च्या सप्टेंबरांत तें राज्य गेलें, मागाहून शाळेंत मराठीही आली. मग आतां तोंड कोणीं शिवलें? कोणी म्हणेल, विचारीत बसला तर नंबर हुकेल. हुकतो तो न समजतां घोकणाऱ्याचा. चार उत्तरांतलें एक जरा फिरवून घातलें, कीं त्याचा घाम निघतो.

तेव्हां पुढचा हप्ता भरावयास जाल, तेव्हां पावती घेण्याआधीं मास्तरांना विचारा, "तासांतलीं किती मिनिटें पोरांच्या प्रश्नांचीं?" एकही नाहीं म्हणाले, तर पैसे कशाचे घेतां, हें तेथेंच उभें राहून विचारा. पोरगा शेजारीं असूं द्या.