कार्डयंत्रास वायर जोडतांना

रिसोड तालुक्यांतील केनवड येथें आमच्या मामांचें औषधांचें दुकान आहे. घराच्या पुढील ओसरीला भिंत घालून तें काढलेलें. दिवाळीनंतर चार दिवस तिकडे जाऊन राहण्याचा आमचा प्रघात जुनाच, पण यंदां मामींनीं चहाचा पेला पुढें ठेवतांनाच बजावलें, “आधीं त्या मशीनचें कांहीं तरी करा बुवा. यांचें जेवणांतसुद्धां लक्ष नाहीं.”

झालें होतें तें असें. एक शेतकरी गृहस्थ सोयाबीन विकून सायंकाळीं परततांना मुलाच्या तापावर औषध घेण्यास थांबले. कार्ड घातलें, पिन दाबला, आणि यंत्र जें स्तब्ध झालें तें पावती कांहीं देईना. यंत्रांत सिम होतें, परंतु कपाटांच्या त्या अरुंद जागेंत रेंज आधींच बेताची. मामांनीं पुन्हां कार्ड घालावयास सांगितलें. दुसऱ्या खेपेस पावती निघाली. ते गृहस्थ घरीं पोंचतात तों मोबाइलवर दोन वेळां पैसे कापल्याचा संदेश! दुसरे दिवशीं ते आले ते भांडावयास नव्हे. नुसतें म्हणाले, “काका, दोनदां गेले बरं का.” मामांना तें भांडणापेक्षां अधिक लागलें. त्यांनीं तत्काळ गल्ल्यांतून रोख रक्कम मोजून दिली. चौथ्या दिवशीं बँकेंतूनहि त्यांचे पैसे आपोआप खात्यांत परत आले, आणि त्या भल्या माणसानें मामांची रोकड आणून दिली. पण असा गिऱ्हाईक दर वेळीं भेटेलच असें नाहीं, ही चिंता मामांना लागून राहिली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्डयंत्र बँकेस विचारणा पाठवितें, बँक खात्यांतून रक्कम उचलते आणि ‘मंजूर’ असा निरोप परत धाडते. हा परतीचा निरोप वाटेंत हरवला कीं पैसे कापलेले असतात, पण दुकानदाराच्या हातांत पावती नसते. अशा वेळीं यंत्र पुन्हां जाळ्यावर आलें म्हणजे ‘मागचा व्यवहार रद्द समजावा’ असा उलट निरोप पाठवितें. रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं काढलेल्या परिपत्रकानुसार दुकानांतील अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आंत आपोआप परत मिळाली पाहिजे. त्यापुढें विलंब झाल्यास दर दिवशीं १०० रुपये भरपाई. तेव्हां दुसऱ्यांदा कार्ड घालण्यापूर्वीं गिऱ्हाइकास मोबाइलवरील संदेश पाहण्यास सांगावें, आणि दुकानदारानें पदरचे पैसे देण्याची घाई करूं नये. मामांना हा नियम ठाऊक नव्हता. खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि तो त्याच दिवशीं शोधून वाचावा लागला.

ठाणे जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत धसई म्हणून गांव आहे. डिसेंबर २०१६ मध्यें तेथें रोकडरहित व्यवहाराचा मोठा समारंभ झाला, दुकानोदुकानीं यंत्रें आलीं. पुढें तेथें पुन्हां गेलेल्या वार्ताहरांना बरींच यंत्रें पडून असलेलीं आढळलीं, आणि कारणांमध्यें जाळ्याची रड होतीच. यंत्र देणें सोपें. त्याचा निरोप वेळेवर पोंचविणें हेंच खरें काम.

आतां उपाय. मामांच्या घरीं नातवाच्या अभ्यासाकरितां फायबर घेतलेलें आहे व राउटर माजघरांतल्या कोनाड्यांत बसविलेला. जुन्या जाड भिंतींमुळें त्याच्या बिनतारी लहरी दुकानापर्यंत धड पोंचत नाहींत. सुदैवानें मामांचें यंत्र टेबलावर ठेवावयाच्या जातीचें, म्हणजे वायरीची खोबण असलेलें. हातांत धरून फिरवावयाच्या यंत्रांना ती बहुधा नसते, किंवा असली तर खालच्या बैठकीस असते. खोबणी मात्र दोन होत्या. अरुंद ती टेलिफोनची, रुंद व आंत आठ पट्ट्यांची ती आपली. वायरीचें दुसरें टोंक राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या चार घरांपैकीं कोणत्याहि एकांत घालावें. बाहेरून येणारी लाइन जेथें शिरते त्या ‘वॅन’च्या घरांत नव्हे.

वायर आणली ती चौदा मीटरची, तालुक्याच्या एका दुकानांतून टोंकें बसवून. खोबणीपाशीं हिरवा दिवा लागला. मग यंत्रांत सिमऐवजीं ‘इथरनेट’ निवडावयाचें, तर तें पासवर्ड मागूं लागलें. येथें अंदाज लढवूं नयेत. यंत्रावर छापलेल्या बँकेच्या मदत-क्रमांकावर मामांनीं स्वतः फोन केला व अर्ध्या तासानें काम झालें. पत्ता राउटरकडूनच आपोआप घ्यावा, म्हणजे ‘डीएचसीपी’ चालू ठेवावें, हें उत्तम. हातानें पत्ता घातला आणि घरांतल्या दुसऱ्या यंत्राचाहि तोच निघाला तर दोघेहि अडतात.

इतकें करूनहि व्यवहार कधीं होई, कधीं न होई. दिवा तर लागलेला! आम्हीं टोंकें उजेडाकडे धरून पाहिलीं तेव्हां उलगडा झाला. वायरींत आठ तारांच्या चार जोड्या असतात व प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरचा विजेचा त्रास जोडींतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि घेणारें यंत्र दोहोंतील फरकच तेवढा वाचतें. म्हणून तो त्रास गळून पडतो. हा पिळाचा गुण टिकावा यासाठीं पहिली-दुसरी तार एका जोडीची आणि तिसरी-सहावी दुसऱ्या जोडीची असावी लागते. टोंकें बसविणाऱ्यानें रंग ओळीनें लावून तिसरी-चौथीची जोडी केली होती. दिसावयास नीटनेटकी, पण निरुपयोगी. टोंकें नव्यानें बसविलीं: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. त्यानंतर यंत्र अडलें नाहीं.

आजींची शंका निराळी होती: एकाच राउटरवर पोरें खेळ खेळतात, त्यांना लोकांचा पिन कळेल काय? पिन यंत्राच्या आंतच कूटलिपींत बदलून मग बाहेर पडतो. राउटरला तो कळत नाहीं. तरीहि राउटरचा मुळांतला पासवर्ड आम्हीं बदलला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीं पाहुण्यांचें जाळें वेगळें काढून दिलें. खरा धोका कोणी अनोळखी इसम ‘बँकेंतून आलों’ म्हणून यंत्र उघडूं किंवा बदलूं पाहील, त्याचा आहे.

वीज गेली तर? यंत्रास बॅटरी असून उपयोग नाहीं. राउटर आणि फायबरची पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत. तें काम अद्यापि राहिलें आहे. वळवाच्या गडगडाटांत प्लग आणि ही वायर दोन्ही काढून ठेवावीं, असेंहि मामांना सांगून आलों. फायबरच्या कांचेंतून वीज येत नाहीं, पण विजेच्या लाइनींतून आणि तांब्याच्या वायरींतून येऊं शकते.

निघण्याच्या दिवशीं मामींनीं सुताराला बोलावून उंबरठ्यापाशीं वायरीवर लांकडी पट्टी ठोकून घेतली. केर काढतांना ती पायांत येत होती, आणि पोरें तिच्यावरून उड्या मारूं लागलीं होतीं.