जुनं कर्नल फेकू नका!

'कर्नल' म्हटलं की आपल्याकडचे एन.सी.सी.वाले आधी सावधान होतात, म्हणून सुरुवातीलाच खुलासा. बोलायचंय ते लिनक्सच्या कर्नलबद्दल, म्हणजे डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड या सगळ्यांशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबद्दल. नवं कर्नल घालायला सगळे एका पायावर तयार असतात. जुन्यावर परत या म्हटलं की मात्र चेहरे पडतात, जणू ए.टी.के.टी. लागली! माझं म्हणणं उलटं आहे. ज्याला लांबच्या मशीनवर जुनं कर्नल सुखरूप परत आणता येत नाही, त्याला त्या मशीनचा रूट पासवर्ड देऊच नये.

लांबच्या म्हणजे किती? समजा, सर्व्हर गेवराईत एखाद्या पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, आणि सांभाळणारा पुण्यात. नवं कर्नल घातलं, मशीन चालू आहे, पण डिस्क अडखळते किंवा एखाद्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालतच नाही. आता परत फिरायला हवं. जुनं कर्नल कुठे गेलेलं नसतं; नवं त्याच्या जागी नाही, शेजारी बसतं. लॅबमध्ये असतो तर रीस्टार्ट केलं, ग्रबच्या मेनूत जुनं नाव निवडलं, झालं. पण हा मेनू दिसतो गेवराईतल्या स्क्रीनवर. पुण्यातला माणूस एस.एस.एच.ने आत येतो, आणि एस.एस.एच. सुरू होतं ते कर्नल उठून नेटवर्क लागल्यावर. मधली दोन मिनिटं तुम्ही आंधळे. तेवढ्यात काही बिघडलं तर पुढचा उपाय म्हणजे एसटी! (मोठ्या सर्व्हरला लांबून स्क्रीन दाखवणारी वेगळी सोय असते. पतसंस्थेच्या मशीनला ती असेल अशी आशा धरू नये.)

गेवराई तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामअली काही फौजेसह गोदावरी ओलांडून पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच. माधवराव पेशव्यांनी अलीकडच्यांना गाठलं. नदीला पाणी. दिवाण मारला गेला आणि निजामाला पलीकडून काही करता आलं नाही. रीस्टार्टचा एंटर दाबल्यावर आपण असेच पलीकडच्या काठावर असतो. जी तजवीज करायची ती आधी.

सध्या ज्या कर्नलवर मशीन चालतंय, रडतखडत का होईना, तेच डिफॉल्ट ठेवायचं. ग्रब-रीबूट या कमांडने जुन्याला फक्त एकदाच संधी द्यायची (ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट 'सेव्ह्ड' हवं). ते उठलं नाही तर पुढच्या रीस्टार्टला मशीन आधीच्या कर्नलवर येतं. पण हा पुढचा रीस्टार्ट करणार कोण? कर्नल 'पॅनिक' झालं की एरवी तिथेच थिजून उभं राहतं. म्हणून ग्रबच्या ओळीत 'पॅनिक=१०' लिहून ठेवायचं, म्हणजे दहा सेकंदांनी ते स्वतःच रीस्टार्ट होतं. सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच: कर्नल मजेत उठलं, फक्त नेटवर्क नाही. इथे पॅनिक होतच नाही! त्यासाठी पंधरा मिनिटांत कोणी आत येऊन थांबवलं नाही तर मशीन रीस्टार्ट करणारी छोटी स्क्रिप्ट लावायची. (लाइट जाऊन यू.पी.एस. संपला तर हेच काम फुकटात होतं, पण त्या भरवशावर राहू नका.) आणि बूट फोल्डर एल.व्ही.एम.वर किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही. मग ते 'एकदाच' खोडलं जात नाही, आणि मशीन त्याच कर्नलवर पुन्हा पुन्हा धडका देत बसतं.

एवढं सगळं करूनही जुनं कर्नल जागेवर नसेल तर? बूट पार्टिशन भरलं की आपले स्वच्छताप्रेमी पहिल्यांदा जुनी कर्नलंच पुसतात. फेडोरावाले तीन कर्नलं ठेवतात ते उगीच नाही. डेबियनसारखी सावध मंडळी, पण डिसेंबर २०२३मध्ये त्यांच्या १२.३ बरोबर आलेल्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट-फोर फाइलसिस्टीमवरचा डेटाच खराब होऊ शकेल असा दोष निघाला. १२.३च्या इमेज थांबवल्या, १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह १२.४ आलं. मधल्या काळात ज्याच्याकडे आधीचं कर्नल शिल्लक होतं तो निवांत होता.

जुनं म्हणजे कायमचं मात्र नव्हे. २००७च्या २.६.२२पासून कर्नलमध्ये असलेली 'डर्टी काऊ' ही खोट ऑक्टोबर २०१६मध्ये बुजवली गेली. तिच्यातून साधा युजरही रूट होऊ शकत होता. पतसंस्थेचं मशीन असल्या कर्नलवर वर्षभर सोडणं म्हणजे तिजोरी उघडी ठेवणं. परत यायचं ते दुरुस्त कर्नल येईपर्यंत.

आपल्या लिनक्सच्या प्रॅक्टिकलला इन्स्टॉलेशनचे स्क्रीनशॉट फाइलला लावले की मार्क मिळतात. सरांना विनंती आहे, एक प्रॅक्टिकल असं ठेवा: मशीन लॅबमध्ये, लॅबला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात आणि विद्यार्थी होस्टेलच्या खोलीत. अर्ध्या तासात मशीन जुन्या कर्नलवर आणून दाखवायचं. जो किल्ली मागायला येईल, त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवा.