लाडू कुठल्या चौकटीत?

‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आली. पुढे हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने तिच्यावरून चित्रकथाही काढल्या. अशा कामात सगळ्यात मोठा मोह असतो तो मालिकेतली तयार चित्रं उचलून चौकटीत बसवण्याचा आणि वर संवादांचे फुगे चिकटवण्याचा. त्याने पानं भरतात, पण गोष्ट उभी राहत नाही.

पडद्यावर भीमाने बळ देणारा लाडू तोंडात टाकला की संगीत चढतं, चित्र धावू लागतं, मूल सरसावून बसतं. कागदाकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे आहे ते पान उलटणं, आणि तेही मुलाच्या हातात. म्हणून लाडू उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत हवा आणि ठोसा पान उलटल्यावर. हे लेखकाने संहितेतच ठरवायला हवं. पानं लावताना सुचलं तर फार उशीर झालेला असतो.

कागद पडद्याची नक्कल करण्यापलीकडेही जाऊ शकतो. अमेरिकेत बॅटमॅनच्या कार्टून मालिकेवरून १९९२ मध्ये चित्रकथा निघाली. हार्ली क्विन हे पात्र मूळ त्या मालिकेतलंच. मालिकेवरच काम करणाऱ्या पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी १९९४ मध्ये ‘मॅड लव्ह’ या चित्रकथेत तिची पूर्वकहाणी सांगितली, आणि १९९९ मध्ये त्या चित्रकथेवरून टीव्हीवरचा भाग बनला. पडद्यावर सांगायचं राहिलेलं त्यांनी कागदावर सांगितलं.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात आमचा हा अंक जुळवताना भाषेचा प्रश्न सतत समोर असतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटची हद्द जवळ. इथलं मूल घरी पोवारी किंवा हिंदी बोलतं, शाळेत मराठी वाचतं आणि भीमाला हिंदीत ऐकतं. त्याला हिंदी वाक्यांना मराठी प्रत्यय लावलेले संवाद देऊ नका. भीमाशी सतत स्पर्धा करणाऱ्या कालियाची बढाई मराठीतही बढाईच वाटली पाहिजे.

अक्षरांचंही तेच. इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात, मग अक्षर बारीक केलं जातं. नुकतंच वाचू लागलेलं मूल तिथेच पुस्तक मिटतं. अक्षर लहान करू नका, वाक्य कापा.

पुढच्या अंकासाठी आम्ही चित्रकथांचे चार-चार पानांचे नमुने मागवत आहोत. पाठवण्याआधी फुगे झाकून ती पानं आठ-दहा वर्षांच्या मुलांना दाखवा, आणि मुलं जिथे अडली त्या चौकटींवर पेन्सिलीने खूण करून तीच पानं पाठवा.