तुंगार्लीत पाऊस धो धो, पण भाजी विकतची!



तुंगार्ली परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरावरचे धरण भरते, आणि खाली घरातली बाई मेथीच्या जुडीसाठी लोणावळ्याच्या बाजाराची वाट धरते! जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा आपल्या ताटातली भाजी किती परक्या हातात आहे ते सगळ्यांना कळले. भाव उतरले आणि आपण विसरलो.

याचे कारण नुसता आळस नव्हे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. येणे-जाणे सोपे झाले, जमिनीचे भाव चढले आणि भाताची कित्येक खाचरे बंगल्यांच्या आवारात गेली. विकणाऱ्याला इथे नावे ठेवायची नाहीत. ज्याची अडचण त्यालाच ठाऊक. पण जमीन गेली तरी घरामागचे परस बऱ्याच जणांकडे आहे. त्यात आज काय आहे? फरशी, नाहीतर अडगळ.

दुसरे कारण पावसाचेच. देशावरची पद्धत बघून जूनमध्ये मेथी-कोथिंबीर टाकली की ती सडते. मग माणूस म्हणतो, "आपल्याकडं काय होत नाय." होते हो! फक्त वेळापत्रक आपल्या पावसाचे हवे.

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची आपली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. दोडका, काकडी, भोपळ्याचे वेल मे महिन्यात पाणी घालून वाढवले, तर मोठ्या पावसाआधी मांडवावर चढतात. आषाढाच्या संततधारेत मधमाशी फिरत नाही, फळ धरत नाही. तेव्हा वेलाला दोष देऊ नका. ते दिवस अळूचे, आणि रानातल्या कुरडू-टाकळ्याचे. रानभाजी मात्र जाणत्या बाईने ओळखलेलीच खा. पाऊस ओसरला की मेथी, मुळा, पालक, ओलीवर वाल. वाफे गादीचे, वीतभर उंच करा आणि कडेने चर काढा. हळद, आले, सुरण पावसाआधी लावा. माकडे त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत. भांड्यांचे पाणी केळीला सोडा, पण साबणाचे पाणी पालेभाजीवर नको.

आता हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात माणसाला रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. चार माणसांच्या घराला दिवसाला दीड किलोच्या वर झाली. अर्ध्या गुंठ्यात एवढी बारा महिने निघेल, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. बटाटा-कांदा विकतच आणावा लागेल. पण बाजार कडाडतो तेव्हा दोन वेळची भाजी घरची असणे, आणि पोरांच्या ताटात रोज काहीतरी हिरवे पडणे, हा फायदा थोडा नाही.

एक गोष्ट मात्र पैशाने परत मिळत नाही, ती म्हणजे बियाणे. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही. गावठी वाल, दोडका, काकडीचे बी दरवर्षी धरता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बियाणे जपले, आणि त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने हे केले. आपल्या आजीच्या गाडग्यात राखेत ठेवलेले बी अजून आहे का, ते आजच विचारा.

मावळातील ग्रामपंचायतींच्या कारभाऱ्यांनाही विनंती. शाळेची आणि अंगणवाडीची परसबाग फोटोपुरती नको. कुंपण, सुट्टीतले पाणी आणि राखण कुणाकडे, हे आधी ठरवा. रोपे नंतर आणा.

जमीन विकली तर पुन्हा घेणे आपल्या ऐपतीत राहिलेले नाही. निदान परसातल्या चार आळ्यांना तरी फरशीखाली जाऊ देऊ नका.